वाड्यांच्या मुलाखती आणि चार तऱ्हेची यंत्रं: डिस्क फॉर्मॅट करतानाच्या नोंदी

आम्ही काही जण मिळून कसबा, शनिवार, नारायण आणि सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांचं चित्रण करतो. वाडा पडायच्या आधी तिथल्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, खोल्यांचे फोटो काढायचे, घरातली खरेदीखतं आणि जुनी पत्रं स्कॅन करायची. हे सगळं आता अडीच टीबीच्या पुढे गेलं आहे. संकलन करणाऱ्या ताई मॅकवर काम करतात, मुलाखती उतरवून काढणारा मुलगा उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार), यादी आणि हिशेब सांभाळणारे काका विंडोजवर. आणि ज्यांनी मुलाखत दिली त्या घरांना आपली प्रत टीव्हीवर बघायची असते. डिस्क एका यंत्रातून दुसऱ्यात गेली की काहीतरी अडायचंच, म्हणून सगळ्या डिस्क नव्याने तयार करायला घेतल्या. असंच काम करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवते आहे.

८ जून

आज काहीच फॉर्मॅट केलं नाही. सगळ्या डिस्क, कार्डं, पेनड्राइव्ह टेबलावर मांडले आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली: आत काय आहे, कोणता फॉर्मॅट (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) आहे, शेवटची कोणी वापरली. शिवाय प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: ही डिस्क शेवटी कशात लावली जाणार? माझ्या मते सगळ्या कामात हा प्रश्न पहिला. "कोणता फॉर्मॅट चांगला" याला उत्तर नाही, "कशात लावणार" याला आहे.

टेबलावर निघालं ते असं: काकांची २ टीबीची एनटीएफएस (विंडोजचा फॉर्मॅट) डिस्क, ताईंची जुनी १ टीबीची मॅक ओएस एक्स्टेंडेड, म्हणजे एचएफएस प्लस, एक एपीएफएस (मॅकचा नवा फॉर्मॅट) एसएसडी, कॅमेऱ्याची १२८ जीबी कार्डं एक्सफॅटमध्ये, बाकी फॅट३२ या जुन्या फॉर्मॅटचे पेनड्राइव्ह.

अडचण कुठे होती ते लगेच दिसलं. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही. विंडोजला वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय एपीएफएस, एचएफएस प्लस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क उघडता येत नाही. उलट "ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉर्मॅट करा" अशी खिडकी येते. ती खिडकी सगळ्यात घातक. काकांना लाल अक्षरात लिहून दिलं: असं विचारलं तर कॅन्सल करायचं आणि फोन करायचा.

मॅकवर एनटीएफएस लिहू देणारी विकतची सॉफ्टवेअरं आहेत. ती नको असं ठरलं. आमच्याकडे स्वयंसेवक बदलतात, लॅपटॉप बदलतात, आणि प्रत्येक लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर असेलच असं धरून चालता येणार नाही.

१० जून

नव्या ४ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्डडिस्क घेतल्या, प्रत्येकी साधारण साडेदहा हजार. दोन्ही एक्सफॅट करायच्या. हा फॉर्मॅट मायक्रोसॉफ्टचा, त्याचं तपशीलपत्रक त्यांनी २०१९ मध्ये खुलं केलं, आणि लिनक्सच्या ५.४ पासूनच्या कर्नेलमध्ये (म्हणजे गाभ्यात) त्याचा आधार आतच आला. विंडोज आणि मॅक दोघेही तो वाचतात आणि लिहितात. मुलाच्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, तिथे काही टाकावं लागलं नाही. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर १८.०४ आहे, तिथे एक्सफॅट-फ्यूज नावाचं पॅकेज टाकल्यावरच डिस्क उघडली.

पार्टिशन तक्ता (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची नोंद) जीपीटी या नव्या पद्धतीचा ठेवला. जुना एमबीआर नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीच्या पुढची जागा धरू शकत नाही. ४ टीबीची डिस्क एमबीआरने बांधली तर अर्धी जागा वापराविना पडून राहते.

फॉर्मॅट विंडोजवरच केला. डिस्कपार्ट (डिस्क मांडायचं विंडोजचं साधन) उघडायचं, लिस्ट डिस्क, मग आकारावरून डिस्क ओळखून सिलेक्ट, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, पार्टिशन, फॉर्मॅट. 'क्लीन' मारण्याआधी आकार दोघांनी मोठ्याने वाचायचा असा नियम केला. आम्ही त्या वेळी बाकीच्या सगळ्या डिस्क काढून ठेवतो. डिस्कपार्ट निवडलेल्या डिस्कबद्दल पुन्हा विचारत नाही.

जाता जाता: काकांची एनटीएफएस डिस्क उबुंटूवर फक्त वाचता येत होती, लिहिता येत नव्हती. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यात संगणक पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतो आणि लावून ठेवलेली डिस्क "वापरात" अशी खूण घेऊन राहते. काकांच्या संगणकावर फास्ट स्टार्टअप बंद केलं, चेकडिस्क (डिस्कची तपासणी-दुरुस्ती) चालवलं, प्रश्न मिटला.

१२ जून, गुरुवार

काल रात्री पहिल्या डिस्कला पूर्ण फॉर्मॅट लावून ठेवला होता. व्हिस्टापासून विंडोजचा पूर्ण फॉर्मॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो, त्यामुळे सेकंदाला ११० एमबी धरले तरी ४ टीबीला दहा तास लागतातच. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुण्यात सांगायला नको. सकाळी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण डिस्क ज्या हबला लावली होती तो भिंतीतल्या विजेवर. हब बंद, फॉर्मॅट अर्धा.

डिस्कला काही झालं नाही, रात्र मात्र गेली. आता डिस्क थेट लॅपटॉपला लावतो. आणि नव्या डिस्कला पूर्ण फॉर्मॅट द्यायचाच नाही: क्विक फॉर्मॅट, मग खरा मजकूर भरायचा, आणि भरल्यावर प्रत्येक फाइल परत वाचून चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) जुळवायचा. त्याच कामात डिस्कचा भरलेला भाग तपासूनही होतो आणि प्रतही तयार होते.

१४ जून

मजकूर भरायला घेतला तर वेग सेकंदाला ३५ एमबी. त्या वेगाने १ टीबीला आठ तास लागतात. आधी संशय एक्सफॅटवर गेला, मग डिस्कवर. दोष केबलचा होता. डिस्कसोबतची केबल कोणीतरी फोनच्या चार्जिंग केबलशी बदलली होती. फोनसोबत येणाऱ्या बहुतेक सी-टू-सी केबल चार्जिंगला उत्तम, पण डेटासाठी जुन्या, संथ यूएसबी २ च. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन दुकानदाराला स्पष्ट सांगितलं, "डेटाची द्या, चार्जिंगची नको." ३५० रुपये. वेग ११० वर गेला. केबलला डिस्कच्याच रंगाची चिकटपट्टी लावली.

१८ जून

आज खोलात जावं लागलं. स्कॅन केलेल्या कागदांची लघुचित्रं आणि उतरवलेल्या मजकुराच्या बारीक फाइली मिळून एकेचाळीस हजार. एकूण वजन पाव जीबीच्या आसपास. एक्सफॅट डिस्कवर टाकल्यावर त्यांनी पाच जीबी घेतले.

कारण सरळ आहे. विंडोज ३२ जीबीपेक्षा मोठ्या एक्सफॅट डिस्कला आपणहून १२८ केबीचे ठोकळे देतो. फाइल ६ केबीची असो नाहीतर १०० ची, तिला अख्खा ठोकळा मिळतो. एकेचाळीस हजार गुणिले १२८ केबी, हिशेब तेवढाच येतो. पाच जीबी गेल्याचं एवढं दुःख नाही, वेळ मात्र फार जातो: अशा फाइली कॉपी करताना डिस्क प्रत्येक फाइलला थांबते.

ठोकळा लहान करता येतो. फॉर्मॅट करताना अलोकेशन युनिट ३२ केबी निवडायचं. आम्ही तसं केलं नाही, कारण डिस्कवरचा बहुतेक मजकूर म्हणजे मोठमोठे व्हिडिओ. त्याऐवजी प्रत्येक वाड्याच्या बारीक फाइलींची एक झिप केली, दाबून लहान न करता नुसती बांधलेली. काकांना आधी पटलं नाही, "एक चिठ्ठी बघायला अख्खं गाठोडं सोडायचं का?" पण विंडोजवर झिप न सोडताही आत बघता येते, हे दाखवल्यावर तयार झाले.

१९ जून

ताईंनी मॅकवरून भरलेली डिस्क विंडोजला लावली की प्रत्येक फाइलची एक जोडीदार दिसते, नावापुढे टिंब आणि अधोरेषा असलेली. मॅकची जास्तीची माहिती एक्सफॅटमध्ये ठेवायची सोय नसल्याने तो ती अशा वेगळ्या फाइलीत ठेवतो. सहसा ४ केबीची, पण ठोकळा पुन्हा १२८ चाच. काकांच्या यादीत फाइलींची संख्या दुप्पट दिसत होती ती यामुळे. मॅकच्या टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन ही आज्ञा आहे, ती डिस्क काढण्याआधी चालवायची असं ठरलं.

२१ जून

पालख्या पेठांत मुक्कामाला, रस्ते बंद, डिस्क इकडून तिकडे नेणं शक्यच नव्हतं. घरी बसून एक जुनं कोडं सोडवलं.

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या डिस्कवर "दुसऱ्या मजल्याचे फोटो" या नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी होती. नाव अक्षरशः तेच, तरी संगणकाच्या लेखी वेगळी. एकात काही फोटो, दुसऱ्यात बाकीचे. काकांना वाटलं होतं कोणीतरी निष्काळजीपणे दोनदा केलं. तसं नव्हतं.

गोम 'ऱ' मध्ये आहे. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरांना संकेत देण्याच्या पद्धतीत) हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: 'ऱ' चा स्वतःचा एकच संकेत, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असे दोन. पडद्यावर फरक दिसत नाही. विंडोज आणि लिनक्सवर टंकताना सहसा पहिला प्रकार पडतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क मात्र नाव साठवतानाच अक्षर फोडून दुसऱ्या प्रकारात ठेवते. ताईंच्या जुन्या डिस्कवरच्या फोल्डरची मॅकवर झिप झाली, ती उबुंटूवर सुटली, तिथून एक्सफॅटवर गेली. वाटेत कोणीच ते अक्षर परत जोडलं नाही. एक्सफॅटला ही दोन नावं वेगळी, म्हणून दोन फोल्डर.

मराठीत हे किती ठिकाणी येणार, विचार करा. दुसऱ्या, पायऱ्या, ओसऱ्या, कऱ्हाड, गोऱ्हे. वाड्याच्या कामात तर पायऱ्या आणि ओसऱ्या रोजच्याच. आमच्यातल्या एकाने सुचवलं की नावं इंग्रजीत ठेवू, कटकट नको. मला ते मान्य नाही. ज्या घरात माजघर म्हणतात त्याच्या फोटोला माजघर असंच नाव असायला हवं. दहा वर्षांनी शोधणारा माणूस तोच शब्द शोधणार आहे.

उपाय निघाला. उबुंटूवर कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे, ते अख्ख्या फोल्डरातली नावं एनएफसी या जोडलेल्या प्रकारात आणतं. ते आधी नुसतं काय बदलणार ते दाखवतं, खरोखर बदलायचं तर वेगळं सांगावं लागतं. ही सवय फार चांगली. दोन फोल्डर जुळी असतील तिथे आधी हाताने एकत्र केली, मग चालवलं.

नावांच्या आणखी दोन गोष्टी त्याच बैठकीत सापडल्या. ईएक्सटी४ वर फाइलचं नाव २५५ बाइटांपेक्षा मोठं चालत नाही. इंग्रजीत ती २५५ अक्षरं. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजून. म्हणजे फक्त ८५ चिन्हं. मुलाखतीचं नाव, पेठ, वाडा, भाग असं सविस्तर लिहिलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विंडोजवर आणि एक्सफॅटवर ती नावं चालत होती, उबुंटूच्या डिस्कवर उतरवताना "नाव फार मोठं" म्हणून अडत होती. दुसरं, ध्वनिमुद्रणाच्या फाइलींना उबुंटूवर वेळेचं नाव पडायचं, तास आणि मिनिटांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. विंडोजला आणि एक्सफॅटला ते चिन्ह नावात चालत नाही. आता तिथे आडवी रेघ. आणि नाव ६० चिन्हांच्या आत.

२४ जून

आज एक व्हिडिओ गेला. चित्रीकरणाहून आल्यावर कार्ड उतरवून झालं, लॅपटॉप घाईत बंद करताना डिस्कची केबल इजेक्ट न करता निघाली. नंतर लावल्यावर एक फाइल शून्य बाइटची. विंडोजच्या चेकडिस्कने डिस्क नीट केली, फाइल परत आली नाही.

एक्सफॅटला जर्नल नाही. एनटीएफएस, ईएक्सटी४ हे बदल करण्याआधी काय बदलणार त्याची नोंद ठेवतात, त्यामुळे मधेच तार निघाली तरी निदान डिस्कची मांडणी सावरते. एक्सफॅटला तो आधार नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' हे ठरलेलं सेटिंग आहे म्हणून इजेक्टची गरज नाही असं अनेक जण सांगतात. लिहिणं चालू असताना तार निघाली तर ते सेटिंग काय करणार? आम्ही प्रत्येक वेळी इजेक्ट करतो.

मुलाखत वाचली, कारण कार्ड अजून पुसलं नव्हतं. कसब्यातल्या ज्या आजोबांची ती मुलाखत, ते आता बोलण्याच्या स्थितीत नाहीत. ती दुसऱ्यांदा घेता आली नसती. म्हणून यापुढचा नियम पक्का: दोन ठिकाणी प्रत आणि दोन्हीकडचा चेकसम जुळेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. आणि एक्सफॅट फक्त वाहून नेण्यासाठी. कायमची प्रत उबुंटूच्या डेस्कटॉपला लावलेल्या ईएक्सटी४ डिस्कवर, ती डिस्क घराबाहेर जात नाही.

२६ जून

चेकसमच्या याद्या. लिनक्सवर शा२५६सम, मॅकवर शासम (२५६ हा पर्याय देऊन) या आज्ञा, दोघांच्या याद्या एकमेकांना चालतात. काकांनी विंडोजच्या पॉवरशेलमधून (आज्ञा टंकायच्या खिडकीतून) यादी काढून पाठवली ती उबुंटूवर एकही ओळ वाचेना. पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाच्या चिन्हाने फाइलीत लिहिलं की ती यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत पडते. लिनक्सला यूटीएफ-८ हवं. आता यादी एकट्या उबुंटूवरच बनते, काका फक्त मोजदाद करतात.

२८ जून

घरांना द्यायचे पेनड्राइव्ह. इथे एक्सफॅट नको, फॅट३२ हवा. जुने टीव्ही आणि गाडीतले प्लेअर तेवढंच वाचतात. ३२ जीबीचे पेनड्राइव्ह घेतले, प्रत्येकी ३५० च्या आसपास. मोठे मुद्दामच घेतले नाहीत. विंडोजची फॉर्मॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ देत नाही.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइटने कमी, त्यापुढे नाही. म्हणून व्हिडिओ एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मध्ये, सेकंदाला ८ मेगाबिटने बनवला. तासाला ३.६ जीबी होतात, आवाज धरूनही मर्यादेत बसतो. तासापेक्षा मोठी मुलाखत दोन भागांत, आणि भाग वाक्याच्या मध्येच तोडायचा नाही, हे ताईंनी हट्टाने सांभाळलं. त्यांचं बरोबर आहे.

ऑनलाइन मागवलेले काही पेनड्राइव्ह खोटे निघाले: वर लिहिलेली जागा मोठी, खरी जागा त्याच्या काही भागाएवढी. असा पेनड्राइव्ह भरताना तक्रार करत नाही, जुन्यावरच नवं लिहीत जातो. उबुंटूवरचं एफ३ साधन पूर्ण भरून परत वाचतं, त्यात पकडले गेले. परत पाठवले. आता प्रत्येक पेनड्राइव्ह आधी एफ३, मग फॉर्मॅट.

१ जुलै

शनिवार पेठेतल्या एका घरी चाचणी. आजींनी टीव्ही लावला, पेनड्राइव्ह खोचला. "अगं, यात काहीच नाही की!" खरंच रिकामा दिसत होता.

हा पेनड्राइव्ह ताईंनी मॅकवर तयार केला होता. डिस्क युटिलिटीमध्ये 'सर्व डिव्हाइस दाखवा' निवडून अख्खा पेनड्राइव्ह घेतला की स्कीम, म्हणजे पार्टिशन तक्त्याची पद्धत, विचारली जाते. तिथे जीयूआयडी (म्हणजे जीपीटी) निवडलं तर मॅक पुढे २०० एमबीचं एक लपलेलं पार्टिशन ठेवतो. टीव्हीने पहिलं पार्टिशन उघडलं, ते रिकामंच. मास्टर बूट रेकॉर्ड (म्हणजे एमबीआर) निवडून परत केला, चालला.

मुलाने उबुंटूवर बनवलेला एक पेनड्राइव्ह विंडोजला दिसत नव्हता, तेही याच जातीचं दुखणं. फॉर्मॅट बरोबर होता, पण पार्टिशनवरची खूण लिनक्सची राहिली होती. खूण फॅट३२ ची केल्यावर लगेच ड्राइव्हचं अक्षर मिळालं.

आजींच्या टीव्हीवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन आले. टीव्हीत ती अक्षरंच नाहीत, आपण काही करू शकत नाही. टीव्हीच्या प्रतींपुरती नावं इंग्रजी आकड्यांत ठेवली आणि सोबत मराठीत छापलेली चिठ्ठी दिली: एक म्हणजे ओसरी, दोन म्हणजे देवघर. शिवाय हा टीव्ही फाइली नावाने लावत नाही, ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने दाखवतो. दुसरा भाग आधी लागत होता. फॅटसॉर्ट (फाइलींचा क्रम नावानुसार लावणारं साधन) चालवल्यावर क्रम नीट झाला.

५ जुलै

दोन्ही मोठ्या डिस्क भरल्या, चेकसम जुळले. पेनड्राइव्हांचा पहिला गठ्ठा तयार आहे. खर्च डिस्क, केबल आणि पेनड्राइव्ह धरून पंचवीस हजारांच्या आत. सगळ्यात जास्त वेळ नावं दुरुस्त करण्यात गेला.

राहिलेलं एकच. कसब्यातल्या एका घरचा टीव्ही यूएसबीवरून फक्त फोटो आणि गाणी घेतो, व्हिडिओ घेत नाही. त्यांना मुलाखतीचा आवाज एमपी३ करून आणि सोबत वाड्याचे फोटो असं देणार. काकांनी त्यांच्याशी बोलून रविवारची सकाळ ठरवली आहे, पेनड्राइव्ह आधी त्यांच्याच टीव्हीवर लावून बघू.